धरणात किती, नळात किती

पावसाळ्यात हुबळी-धारवाडच्या घराघरांत हा प्रश्न निघतो. सौंदत्तीचे धरण निम्म्याहून जास्त भरले असे पेपरात येते, मग आपल्या नळाला इतक्या दिवसांनी पाणी का? सांगली-कोल्हापूरकडे तोच प्रश्न उलट्या बाजूने येतो. कोयनेतून अमुक हजार क्युसेक सोडले, म्हणजे आपल्या घाटाच्या किती पायऱ्या बुडणार? पुण्यात लोक विचारतात, खडकवासल्यातून दिवसभर पाणी सोडताहेत, तरी धरणांच्या साखळीतला साठा वाढतो कसा?

तिन्ही प्रश्नांत दोन निराळी मापे एकमेकांत मिसळली आहेत. एक माप किती पाणी आहे ते सांगते, दुसरे पाणी किती वेगाने येते किंवा जाते ते सांगते. पहिले टीएमसी, दुसरे क्युसेक. बातमीत ती एकाच वाक्यात येतात, त्यामुळे वाचताना एकच गोष्ट वाटते. या प्रकरणात ती आधी सुटी करू, मग जोडू आणि शेवटी मलप्रभेच्या खोऱ्यातला खरा हिशेब मांडून पाहू.

१. टीएमसी: साठ्याचे माप

टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट, आपल्या मोजणीत शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. एवढा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही, म्हणून जमिनीवर मांडून पाहू. हुबळी ते धारवाड अंतर साधारण २० किलोमीटर. या रस्त्याच्या कडेने २० किलोमीटर लांब आणि ५ किलोमीटर रुंद असा सपाट पट्टा धरा आणि त्यावर एक फूट पाणी उभे आहे असे समजा. ते पाणी एक टीएमसीहून थोडेसेच अधिक भरेल.

मलप्रभेवरचा रेणुकासागर, म्हणजेच सौंदत्तीचे धरण, पूर्ण भरला की त्यात ३७.७३ टीएमसी पाणी मावते. कोयनेच्या शिवसागरात १०५.२५ टीएमसी, आलमट्टीत ५१९.६० मीटर पातळीला १२३ टीएमसी, तर पुण्याच्या खडकवासल्यात जेमतेम १.९७ टीएमसी. महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याच्या तक्त्यांत धरणांचे साठे दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये दिलेले असतात. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी, एवढे लक्षात ठेवले की दोन्ही तक्ते वाचता येतात.

यात एक पोटभेद आहे. धरणाच्या तळाशी, पाणी बाहेर काढण्याच्या सर्वांत खालच्या दारापेक्षाही खाली, जे पाणी राहते तो मृत साठा. त्याच्या वरचा तो उपयुक्त साठा. ३७.७३ हा आकडा एकूण साठ्याचा आहे. वर्षभराचे नियोजन मात्र उपयुक्त साठ्यावरच करावे लागते. बातमीत टक्केवारी वाचताना ती कोणत्या साठ्याची आहे हे पाहणे बरे. उन्हाळ्याच्या अखेरीस हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

२. क्युसेक: वाहण्याचे माप

क्युसेक म्हणजे एका सेकंदात एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. या मापातच ‘दर सेकंदाला’ आहे. त्यामुळे ‘धरणात इतके क्युसेक पाणी आहे’ या वाक्याला अर्थ नाही. तरी बोलताना ते सर्रास ऐकू येते.

नदीतला किंवा कालव्यातला प्रवाह मोजायची पद्धत समजायला सोपी आहे. पात्राची रुंदी, पाण्याची खोली आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार करायचा. १०० फूट रुंद, सरासरी ५ फूट खोल आणि सेकंदाला ३ फूट वेगाने वाहणारा ओढा १,५०० क्युसेक वाहतो. पात्र सरळ नसते, काठाशी वेग कमी आणि मध्ये जास्त असतो, म्हणून प्रत्यक्षात पात्राचे उभे भाग पाडून प्रत्येक भाग वेगळा मोजतात आणि बेरीज करतात. धरणाच्या दरवाजातून जाणारे पाणी दार किती उघडले आणि त्यावर पाण्याची उंची किती, यावरून काढता येते. राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांची बातमी दर पावसाळ्यात येते: एक दरवाजा उघडला, १,४२८ क्युसेक विसर्ग. ते सात दरवाजे आहेत. सातही उघडले की त्यांतून जवळपास १०,००० क्युसेक भोगावतीत उतरतात.

३. दोघांमधला दुवा

घराच्या अंगणातला संप डोळ्यांपुढे आणा. हुबळी-धारवाडच्या बहुतेक घरांत तो असतोच, कारण पाणी रोज येत नाही. संप ५,००० लिटरचा आहे. पालिकेच्या नळातून मिनिटाला २० लिटर पाणी येते. संप भरायला २५० मिनिटे, म्हणजे चार तास दहा मिनिटे लागतील. घरात पाच माणसे, माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ६७५ लिटर खर्च. भरलेला संप सात दिवसांहून थोडा अधिक पुरेल. संपात किती मावते हा एक आकडा, नळ किती देतो हा दुसरा, घर किती वापरते हा तिसरा. तिघांना जोडणारी गोष्ट एकच, वेळ. पाणी चार तासांऐवजी दोनच तास आले तर संप कितीही मोठा असला तरी त्यात २,४०० लिटरच पडणार.

धरणाचा हिशेब अगदी हाच आहे. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. एक क्युसेक पाणी दिवसभर वाहिले तर ८६,४०० घनफूट पाणी जमते. शंभर कोटीला ८६,४०० ने भागले की ११,५७४ येतात. म्हणून या प्रकरणातला सर्वांत उपयोगी आकडा हा:

११,५७४ क्युसेक पाणी एक दिवस वाहिले की एक टीएमसी होते.

तोंडी हिशेबाला ११,६०० धरले तरी चालेल. आता बातमी वाचा. धरणात आवक २०,००० क्युसेक, विसर्ग ५,००० क्युसेक. फरक १५,००० क्युसेक. दिवसभर हीच स्थिती राहिली तर साठ्यात सुमारे १.३ टीएमसीची भर पडेल. पाणी सोडत असतानाही साठा का वाढतो, या पुणेकरांच्या प्रश्नाचे उत्तर या वजाबाकीत आहे. विसर्ग आवकेपेक्षा कमी असेल तोवर साठा वाढणारच.

इथे एक गंमत आहे आणि ती माहीत असायला हवी. धरणात येणारी आवक बहुधा थेट मोजलेली नसते. जलाशयाला दहा ओढे मिळतात, पाऊस थेट पृष्ठावर पडतो, प्रत्येक वाटेवर माप बसवणे शक्य नाही. म्हणून ती उलट्या बाजूने काढतात. काल सकाळी आठ वाजता साठा ३० टीएमसी होता, आज ३०.८ आहे. मधल्या चोवीस तासांत २,००० क्युसेक सोडले, म्हणजे ०.१७ टीएमसी गेले. ते गेले नसते तर साठा ३०.९७ झाला असता. म्हणजे आत आलेले पाणी ०.९७ टीएमसी, सरासरी ११,२६० क्युसेकच्या आसपास.

साठा तरी कुठून कळतो? पट्टीवर पाण्याची पातळी वाचतात आणि पातळीवरून साठा सांगणारे कोष्टक पाहतात. पाण्याखालची जमीन मोजून ते आधीच तयार केलेले असते. आता समजा जलाशय १०० चौरस किलोमीटर पसरला आहे आणि वाऱ्यामुळे पाणी भिंतीकडे लोटले जाऊन पट्टीवर एक सेंटीमीटर जादा वाचले गेले. हा एक सेंटीमीटर दहा लाख घनमीटर पाण्याएवढा आहे आणि दिवसाच्या आवकेत तो ४०० क्युसेकची चूक घालतो. म्हणून कोरड्या दिवसांत आवकेचे आकडे उड्या मारताना दिसले तर त्यात कुणाची लबाडी शोधू नये.

४. धरण मोठे की पूर मोठा

२५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. त्या वेळी खडकवासल्यातून ३५,००० क्युसेकहून अधिक पाणी सोडले जात होते. धरणात पाणी अडवून का ठेवले नाही, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. प्रश्नामागचे दुःख खरे होते. हिशेब मात्र असा: खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी. ३५,००० क्युसेकची आवक असेल तर पूर्ण रिकामे खडकवासला साडेपंधरा तासांत भरते. ते आधीपासून बरेच भरलेले असेल तर हाताशी फार तर काही तास उरतात. त्या काही तासांत लोकांना आगाऊ सूचना देता येते, वरच्या पानशेत आणि वरसगावचे दरवाजे किती वेळ बंद ठेवता येतील हे ठरवता येते. पूर पोटात घेणे मात्र जमत नाही. तेवढ्याच आवकेला रिकाम्या कोयनेला भरायला ३४ दिवसांहून अधिक लागतील.

म्हणून धरणाकडे पाहताना मी टीएमसीच्या आकड्यापेक्षा एक वेगळा प्रश्न आधी विचारतो: या नदीचा मोठा पूर या धरणाला किती वेळात भरून टाकेल? तासांत भरणारे धरण पूर अडवू शकत नाही, फार तर त्याची वेळ थोडी पुढे ढकलते. आठवड्यांत भरणारे धरण पुराला खरोखर बोथट करू शकते, पण तेही आत जागा शिल्लक असेल तर.

ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीच्या खाली कृष्णेवर असलेल्या आलमट्टीतून ५ लाख क्युसेकहून जास्त विसर्ग चालू होता. ५ लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. १२३ टीएमसीचे आलमट्टी त्या वेळी संपूर्ण रिकामे असते तरी तीन दिवसांच्या आत काठोकाठ भरले असते. सांगली-कोल्हापूरचा महापूर आठवडाभराहून जास्त चालला. आलमट्टीच्या पातळीवरून दोन राज्यांत जो वाद आहे त्यात पाण्याचा फुगवटा किती मागे जातो हा प्रश्न वेगळा आणि महत्त्वाचा आहे. पण ‘धरण रिकामे ठेवले असते तर पूर आलाच नसता’ हे म्हणणे या भागाकारापुढे टिकत नाही.

त्याच ऑगस्टमध्ये मलप्रभेलाही पूर आला. एरवी वर्षानुवर्षे पूर्ण न भरणारा रेणुकासागर भरला, दरवाजे उघडावे लागले आणि खाली पट्टदकलच्या प्राचीन मंदिरांच्या आवारात पाणी शिरले. ज्या खोऱ्यात लोक पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलन करतात, तिथेच काही दिवस पाण्यापासून पळावे लागले. साठा वर्षाच्या हिशेबाने वाढतो, पूर सेकंदाच्या हिशेबाने येतो.

५. फुटांचा आकडा

रेणुकासागराची पूर्ण पातळी २,०७९.५० फूट. पेपरात अनेकदा एवढेच छापतात: पातळी अमुक फूट, भरायला इतके फूट बाकी. हा आकडा फसवा आहे. नविलुतीर्थाला मलप्रभा डोंगराची एक अरुंद खिंड कापून बाहेर पडते आणि भिंत त्या खिंडीत बांधली आहे, जेमतेम १५५ मीटर लांबीची. भिंतीमागे मात्र खोरे रुंद होत जाते. वरच्या पातळीवर एक फूट पाणी चढले तर ते प्रचंड पसरते, तळाजवळ चढले तर थोडेसेच. त्यामुळे शेवटचे पाच फूट ‘बाकी’ असताना प्रत्यक्षात बरेच टीएमसी बाकी असतात, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पातळी झपाट्याने घसरताना दिसली तरी पाण्याचा खर्च तेवढाच असू शकतो.

पसरटपणाची किंमत उन्हातही मोजावी लागते. उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या पठारावर उघड्या पाण्यातून वर्षाला दीड मीटरहून जास्त जाडीचा थर बाष्प होऊन जातो. जलाशय वर्षभर १०० चौरस किलोमीटर पसरलेला राहिला तर दीड मीटरच्या हिशेबाने ५ टीएमसीहून जास्त पाणी हवेत जाईल. पाणी उतरते तसा पसारा आटतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी होतो. तरीही हा असा विसर्ग आहे की ज्याला दरवाजा नाही आणि जो कुणी बंद करू शकत नाही.

६. मलप्रभेचे पाणी जाते कुठे

कोल्हापूर-सांगलीचे लोक यल्लमाच्या डोंगरावर जातात तेव्हा जवळच हा जलाशय दिसतो. रेणुकादेवीवरून त्याला रेणुकासागर नाव आहे. नदी उगम पावते खानापूर तालुक्यात कणकुंबीला, सह्याद्रीच्या धो-धो पावसात, आणि धरण आहे कमी पावसाच्या सौंदत्तीजवळ. पुढे कूडलसंगमाला ती कृष्णेला मिळते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेल्या या धरणाचे मुख्य काम शेतीला पाणी देण्याचे. डाव्या आणि उजव्या कालव्यांनी बेळगाव, धारवाड, गदग, बागलकोट या जिल्ह्यांतल्या जमिनीला पाणी पुरवायचे.

कालव्याचा हिशेब पाहा. १,००० क्युसेकचा कालवा महिनाभर सुरू ठेवला तर २.५९ टीएमसी पाणी जाते. एक टीएमसीत एक फूट खोलीचे सुमारे २३,००० एकर पाणी असते. झिरपा आणि गळती धरून पिकाला तीन फूट पाणी लागत असेल तर एक टीएमसी साडेसात हजार एकरांना पुरते. हे कागदावर. प्रत्यक्षात कालव्याच्या तोंडाशी जो शेतकरी आहे त्याला पाणी आधी मिळते आणि भरपूर मिळते. शेपटाकडच्या गावाला आवर्तनाची तारीख येते, पाणी येत नाही. धरणात टीएमसी असतात, कालव्यात क्युसेकही सुटलेले असतात, फक्त शेवटच्या चारीपर्यंत ते टिकत नाहीत.

२१ जुलै १९८० रोजी नवलगुंद आणि नरगुंदमध्ये मलप्रभा लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. कालव्यामुळे जमिनीची किंमत वाढली म्हणून लावलेला सुधारणा कर हे तात्कालिक कारण होते. कर आकारला गेला लाभक्षेत्राच्या नकाशावर. शेतकऱ्यांचा प्रश्न होता चारीत पाणी किती येते हा. कर्नाटकातल्या रयत चळवळीला या घटनेने मोठा जोर मिळाला. पाण्याच्या मापांचा गोंधळ केवळ गणिताचा नसतो, याची ही दुखरी आठवण त्या भागात अजून जागी आहे.

७. मग नळ कोरडा का?

आता मूळ प्रश्न. २०११ च्या जनगणनेनुसार हुबळी-धारवाडची लोकसंख्या ९ लाख ४४ हजारांच्या जवळ होती. मोठ्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष. गुणाकार केला की रोज १२ कोटी ७४ लाख लिटर येतात. एक क्युसेक दिवसभरात २४ लाख ४७ हजार लिटर देतो. भागाकार केला की उत्तर येते ५२ क्युसेक.

फक्त ५२. राधानगरीच्या एका दरवाजाच्या विसर्गात अशी सत्तावीस शहरे भागतील. वर्षाचा साठा काढला तर १.६४ टीएमसी, म्हणजे भरलेल्या रेणुकासागराच्या साडेचार टक्क्यांहूनही कमी. पाइपांत एक तृतीयांश पाणी गळते असे धरले तरी गरज ७८ क्युसेक आणि वर्षाला अडीच टीएमसीच्या आत राहते. लोकसंख्या वाढली आहे, तीही मिळवा. तरीही चित्र बदलत नाही. शिवाय कलघटगी तालुक्यातल्या नीरसागरातूनही शहराला पाणी येते. साध्या वर्षी जुळ्या शहरांना टीएमसीची टंचाई नाही. टंचाई आहे क्युसेकची, आणि ती धरणाच्या पुढे सुरू होते.

पहिला अडथळा चढ. धारवाड समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांहून उंच, जलाशयाची भरलेली पातळी ६३४ मीटरांच्या आत. पाणी उचलून धारवाडजवळच्या अम्मिनभावीच्या शुद्धीकरण केंद्राकडे न्यावे लागते. ५२ क्युसेक पाणी १०० मीटर उचलायचे तर पंपाची तूट आणि पाइपातले घर्षण न धरताही सुमारे साडेचौदाशे किलोवॅट वीज अखंड लागते. वीज गेली की साठा तिथल्या तिथे राहतो, प्रवाह शून्यावर येतो. पंप आणि मुख्य जलवाहिनी यांची क्षमता क्युसेकमध्ये ठरलेली असते. धरण काठोकाठ भरले म्हणून ती तसूभरही वाढत नाही.

दुसरा अडथळा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपण पुरवठ्याच्या पद्धतीनेच निर्माण केला आहे. १०,००० वस्तीचा एक प्रभाग घ्या. त्याची रोजची गरज साडेतेरा लाख लिटर. चोवीस तास सतत पाणी दिले तर सरासरी सेकंदाला १५.६ लिटर, म्हणजे अर्ध्या क्युसेकच्या आसपास प्रवाह पुरतो. आता त्याच प्रभागाला आठ दिवसांतून एकदा पाच तास पाणी द्यायचे ठरले. आठ दिवसांचे १ कोटी ८ लाख लिटर पाणी पाच तासांत पोचवायचे तर सेकंदाला ६०० लिटर, म्हणजे २१ क्युसेक लागतात. अडतीसपट. तेवढा प्रवाह वाहून नेणारे पाइप गल्लीत नाहीत. मग पाण्याचा दाब पडतो, उताराच्या घरांचे संप भरतात, चढावरच्या घरांत करंगळीएवढी धार येते आणि वेळ संपते. पाणी कमी दिले म्हणून वाचले, असेही होत नाही. पुढच्या खेपेचा भरवसा नसल्याने प्रत्येक घर मिळेल तेवढे भरून घेते आणि नवे पाणी आले की जुने ओतून देते.

या व्यवस्थेत शहराचा खरा साठा कुठे असतो? घराघरांच्या संपात, गच्चीवरच्या टाक्यांत, स्वयंपाकघरातल्या पिंपांत. ज्याच्याकडे जागा आणि पैसा आहे त्याचा साठा मोठा. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसांचे आठ दिवसांचे ५,४०० लिटर ठेवायचे कुठे? त्या घरातल्या बाईला पाणी कधी येणार हे ठाऊक नसते, म्हणून ती कामावर जायचे टाळते. २०११ च्या सुमारास हुबळी-धारवाडमध्ये नेक्स्टड्रॉप नावाच्या उपक्रमाने व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून वेळ कळवून घेऊन घरोघरी मोबाइलवर संदेश पाठवायला सुरुवात केली होती. पाणी तेवढेच राहिले, पण त्याची वेळ कळली आणि दिवसभराची वाट पाहणे टळले. माझ्या मते ही छोटी गोष्ट नव्हती.

त्याआधीच, जागतिक बँकेच्या साहाय्याने, बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या शहरांच्या काही भागांत चोवीस तास पुरवठ्याचा प्रयोग २००८ पर्यंत सुरू झाला होता. नळाला मीटर, नवे पाइप, गळतीचा शोध. शंका घेणारे म्हणत होते की चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी. वर काढलेला हिशेब उलटे सांगतो: सतत दिले की पाइपांना अडतीसपट प्रवाह पेलावा लागत नाही, सकाळ-संध्याकाळची वाढीव मागणी तेवढी सांभाळावी लागते. आणखी एक फायदा आरोग्याचा. पाइप रिकामा पडला की त्यातला दाब जातो आणि शेजारच्या गटारातले पाणी फटींतून आत ओढले जाते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी याच जुळ्या शहरांतल्या दोन्ही प्रकारच्या वस्त्यांतले नळाचे पाणी तपासले, तेव्हा खंडित पुरवठ्याच्या पाण्यात जिवाणूंची दूषितता जास्त वेळा आढळली. प्रवाह तुटतो तेव्हा केवळ प्रमाण घटत नाही, पाणीही बिघडते.

८. कळसा-भांडुऱ्याचे ३.९ टीएमसी

शेवटचे उदाहरण असे की ज्यावर गोवा आणि कर्नाटक यांच्यात दशकांचा झगडा आहे, आणि ज्याचा उगम मराठी बोलणाऱ्या खानापूर तालुक्यात आहे. कळसा आणि भांडुरा हे गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीला मिळणारे नाले. त्यांचे पाणी पूर्वेकडे वळवून मलप्रभेत आणायचे, म्हणजे रेणुकासागर भरेल आणि हुबळी-धारवाडसह आसपासच्या गावांना पिण्याचे पाणी मिळेल, अशी ही योजना. कर्नाटकाची मूळ मागणी ७.५६ टीएमसीची होती. म्हादई पाणीवाटप लवादाने १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात मलप्रभेकडे वळवण्यासाठी ३.९ टीएमसी मंजूर केले: कळसातून १.७२, भांडुऱ्यातून २.१८. गोव्याच्या वाट्याला २४ टीएमसी आले, महाराष्ट्राच्या १.३३.

सगळी चर्चा टीएमसीत चालते. तीच क्युसेकमध्ये मांडू. ३.९ टीएमसी पावसाळ्याच्या १२० दिवसांत समान वाटले तर सरासरी प्रवाह ३७६ क्युसेक. एखाद्या नदीला ५०,००० क्युसेकचा पूर आला तर एवढे पाणी बावीस तासांच्या आत वाहून जाते. एका बाजूला हा आकडा किरकोळ वाटतो. दुसऱ्या बाजूला, जुळ्या शहरांच्या वर्षाच्या गरजेच्या दुपटीहून तो जास्त आहे. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही राज्यांतले वक्ते त्यांतले सोयीचे तेवढे उचलतात.

पण सह्याद्रीतला नाला १२० दिवस समान वाहत नाही. जूनच्या सुरुवातीला तो कोरडा ठणठणीत असतो, मुसळधार चार दिवसांत फुगतो, उघडीप मिळाली की उतरतो. भरपूर पाण्याचे दिवस ४० धरले तर ३.९ टीएमसी उचलण्यासाठी त्या दिवसांत सरासरी १,१२८ क्युसेक वळवावे लागतील, ३७६ च्या तिप्पट. कालवा किती रुंद खणायचा, किंवा डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने मान्य केलेल्या सुधारित आराखड्यातल्यासारखे पाणी पंपाने उचलायचे तर पंप आणि पाइप किती मोठे घ्यायचे, हे या दुसऱ्या आकड्यावर ठरते. कणकुंबी आणि भीमगड अभयारण्याच्या परिसरात किती जंगल तुटणार तेही त्यावरच. नाल्यावर आधी लहान साठा केला तर प्रवाहाची चढउतार त्यात मुरते आणि लहान पाइप पुरतो, पण मग बुडणारी जमीन वाढते. दोन्हीतले काहीतरी द्यावेच लागते.

गोव्याकडून पाहिले तर चिंता पावसाळ्यातल्या ३.९ टीएमसीएवढीच नाही. जानेवारी ते मे या महिन्यांत म्हादईला वरून किती क्युसेक येतात, त्यावर भरतीबरोबर आत चढणारे खारे पाणी कुठवर थोपले जाईल हे ठरते. वार्षिक टीएमसीच्या वाटपात हा प्रश्न आपोआप उमटत नाही. पावसाळ्यात नदीतून वाहणाऱ्या पाण्याशी तुलना करता उन्हाळी प्रवाह अगदी बारीक असतो, आणि बेरजेत बारीक गोष्टी हरवतात. त्यामुळे वळवण्याची परवानगी कोणत्या महिन्यांत, वरच्या प्रवाहाच्या किती क्युसेकपर्यंत आणि खाली किमान किती सोडून, या तीन आकड्यांवर बोलणे झाले तर कणकुंबीच्या शेतकऱ्याला, धारवाडच्या गृहिणीला आणि म्हादईकाठच्या गोवेकराला एकाच कागदावरचा हिशेब तपासता येईल.